स्लाइडवरचा झेंडू

मागच्या महिन्यातला मंगळवार. अकोल्यातली आमची लॅब, सकाळचे अकरा वाजून गेलेले... आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावून हरवलेली.

हे माझं नेहमीचंच आहे. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरला, वाळवला, रंगवला की जांभळ्या-गुलाबी पेशींचं एक गावच समोर येतं. वीस वर्षं झाली, अजून मन भरत नाही. घरचे म्हणतात, हिला चहापेक्षा स्लाइड प्यारी. खोटं नाही ते.

त्या दिवशीची स्लाइड मंदाकाकूंची होती. काकू झेंडू-शेवंती पिकवतात आणि मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात बसून विकतात. आठ वर्षांपूर्वी त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला, पण रोजच्या एका गोळीने दबून राहणारा. आमच्या लॅबचे डॉक्टर सर सांगतात, ते शिकत होते तेव्हा या आजाराला अशी गोळीच नव्हती. कुणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षं डोळे फोडून ती शोधली... आणि ती आमच्या काकूंच्या कमरेच्या पिशवीत येऊन बसली.

आता त्यापुढचा अभ्यास सुरू आहे. ज्यांचे रिपोर्ट कित्येक वर्षं स्वच्छ आहेत, त्यांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवून बघायची. दर महिन्याला रक्त तपासायचं, आजार परतताना दिसला की गोळी पुन्हा सुरू. काकूंनी होकार दिला खरा, पण गोळ्यांची शेवटची पट्टी काही त्यांनी पिशवीतून काढली नाही. गोळी बंद होऊन चार महिने झाले तरी पट्टी कमरेलाच.

तर ती स्लाइड. आधी कमी पॉवरवर बघितली आणि कडेला मला मोठे मोठे गोल दिसले. वाईट पेशी असल्या तर बरेचदा कडेलाच जमतात. काकूंचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

मग पॉवर वाढवली. आणि बघतच राहिले... धोतऱ्याच्या फळासारखे काटेरी गोळे, पण सोनेरी, पिवळेजर्द. एका जांभळ्या पेशीला खेटून एक असा निवांत बसलेला, जणू तिथलाच रहिवासी. किती वेळ बघत होते देव जाणे. मग हळूच मान वर केली.

खिडकीच्या हुकाला झेंडूचा हार लटकत होता. काकूंनीच सकाळी आणलेला. लॅबमध्ये रिकाम्या हाताने यायचं त्यांना पटत नाही, आणि मी वेंधळीने तो हार टांगला होता नेमका स्लाइडी वाळवायच्या ट्रेच्या वर. पंखा सुरू होताच. झाले परागकण काचेवर हजर.

चूक शंभर टक्के माझी. अशी स्लाइड अभ्यासात चालत नाही, नवीन हवी. उरलेलं रक्त जीन तपासणीसाठी मुंबईला रवाना झालेलं. म्हणजे काकूंना परत बोलवायचं... आणि लॅबमधून 'परत या' असा फोन आला की माणसाचं काय होतं, ते मी फार वेळा ऐकलंय.

म्हणून फोन केलाच नाही. सरांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि स्कूटी काढून पूल ओलांडला.

काकू फुलांच्या ढिगामागे बसल्या होत्या. मला बघितलं आणि त्यांचा हात आधी कमरेच्या पिशवीवर गेला.

"खरं सांग माय. वापस आली का?"

"नाई काकू. बिमारी नाई आली. तुमचा झेंडू आला."

त्यांना काहीच कळेना. शेजारणीला दुकान सोपवून त्या माझ्या मागे स्कूटीवर बसल्या खऱ्या, पण पूर्ण रस्ताभर माझा खांदा घट्ट धरून होत्या. लॅबमध्ये त्यांचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, नवीन थेंब घेतला. स्लाइड वाळेपर्यंत त्यांना मायक्रोस्कोपपुढे बसवून जुनी दाखवली.

काकूंनी डोळा लावला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळा लावला. मग अगदी हळू म्हणाल्या, "चाळीस साल झाले तोडून राहिली... हे कधी दिसलं नाई मले." स्वतःचं रक्त आणि स्वतःचा झेंडू, एकाच काचेवर. मला रडू आलं, लपवत नाही.

नवीन स्लाइड स्वच्छ निघाली. खरा निकाल मात्र जीनच्या रिपोर्टचा, तो परवा आला. आजाराचा मागमूस नाही. अजून बरेच महिने बघायचं आहे, हे सरांनी काकूंना पुन्हा पुन्हा समजावलं. त्या मान हलवत होत्या.

सर आत गेल्यावर काकूंनी पिशवीतून पट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "तुह्यापाशी राहू दे. लागल्या तं मागीन."

ती आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्या झेंडूच्या स्लाइडशेजारी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक्सपायरी छापलीय... आयुष्यात पहिल्यांदाच एखादं औषध तसंच पडून वाया जावं म्हणून मी वाट बघतेय.