टाकीत भिजवलेली खोडं

सावद्याजवळच्या आमच्या शेतात घड कापला की केळीचं खोड बांधावर फेकून देतात. दोन वर्षांपूर्वी त्याच खोडाचा धागा काढायचं यंत्र आमच्या शेडमध्ये आलं. एका संस्थेनं ते चाचणीसाठी दिलं होतं. महिन्याभरानं सुरतेहून चटया विणवून घेणाऱ्या एक बाई धागा बघायला येणार होत्या. त्यांना पटला तर यंत्र आमचं, नाहीतर ते दुसऱ्या गावात जाणार.

नानांना, म्हणजे माझ्या मोठ्या काकांना, ते गावात मिरवायला हवं होतं. मला ते आवाजासाठी हवं होतं. यंत्र सुरू असलं की शेजारच्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. कॉलेज संपवून घरी आलेल्या मुलीला 'आता पुढं काय?' असं विचारणाऱ्या माणसांचे नुसते ओठ हलताना दिसायचे. एवढं सुख मला दुसऱ्या कुठल्याच कामानं दिलं नव्हतं.

काम अक्कानं शिकवलं. अक्का शिरपूरकडची, वर्षानुवर्षं केळीत मजुरी केलेली. खोडाची सालं उलगडायची, अर्धं साल पात्यांत सोडायचं, ओढून घ्यायचं, मग दुसरं टोक. गर खाली पडतो, हातात पांढरे केस उरतात. धुऊन तारेवर टाकले की संध्याकाळपर्यंत वाळतात. चिकाचे डाग मात्र कपड्यांवरून कधीच जात नाहीत. माझे सगळे चांगले कुडते तेव्हाच वाया गेले, आणि आईनं अजून मला त्याबद्दल माफ केलेलं नाही.

दोन आठवडे सगळं नीट चाललं. मग संस्थेचे प्रशिक्षक साहेब आले. नारळाच्या काथ्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी आमचा धागा बोटांत धरला, नाक मुरडलं आणि म्हणाले, "कडक आहे. नारळाची सोडणं जशी भिजत घालतो तसं खोड आधी भिजवायला हवं. मुरलं की रेशीम होतं."

अक्का हातातला विळा खाली न ठेवताच तिच्या अहिराणीत म्हणाली, "हाई केय शे साहेब, नारय नई. पानीमा ठेवशात तं बठ्ठं सडी जाई."

"अक्का, तू चूप बस," नाना म्हणाले. "साह्यब केरळापोत जाऊन आले."

केरळला जाऊन आलेल्या माणसाला केळीबद्दल सगळं कळतं, असं रावेर तालुक्यातल्या केळीवाल्यानं मानावं, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

यंत्राबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद आला होता. नानांनी तो माझ्या हातात दिला. "वाच बेटा. साह्यबाले ऐकव. इंग्लिश मीडियमची आहे आमची." पाहुण्यांसमोर माझं इंग्रजी नेहमी असंच काढतात, ठेवणीतल्या कपबशांसारखं. मी वाचलं. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की कापलेलं खोड त्याच दिवशी यंत्रात घालावं, पाण्यात साठवू नये. तीही ओळ मी वाचली. साहेब मान डोलवत होते. संपल्यावर म्हणाले, "वा! काय उच्चार आहेत!"

मी कागदाची घडी घातली आणि तो आत ठेवून आले. त्या दोघांची कीव करण्यात मी इतकी गुंग होते की ती ओळ मराठीत सांगायला लागणारी चार वाक्यं मला जड झाली.

दोन ट्रॉल्या खोडं सिमेंटच्या टाकीत गेली. यंत्र बंद. अक्का रोज टाकीजवळून नाकाला पदर लावून जायची आणि माझ्याकडे बघायची. नानांकडे नाही, माझ्याकडे. नवव्या दिवशी टाकी उघडली तेव्हा आत काळा लगदा होता आणि म्हशीसुद्धा गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या. साहेब तोवर दुसऱ्या तालुक्यात शिकवायला गेले होते. नाना म्हणाले, "पाणीच खराब असंन."

बाई यायला चार दिवस उरले होते. आधीचा धागा साहेबांच्या शब्दावर नानांनी कधीच दोऱ्या वळायला वाटून टाकला होता. मी आणि अक्का उजाडताच ताजी खोडं आणून यंत्रावर बसलो, वीज असेपर्यंत. अंगठे सोलून निघाले. चौथ्या दिवशी तारेवर पुरेसा धागा होता.

बाईंनी तो ओढून पाहिला, उन्हात धरला. "चांगला आहे. कसा काढलात?"

"आठ दिस भिजत घालून," नाना छाती काढून म्हणाले. "साह्यबाची पद्धत."

बाईंनी वही उघडली. त्यात ते लिहिलं गेलं असतं, तर पुढचा सगळा माल टाकीतच गेला असता आणि त्यामागून यंत्रही. मी आत जाऊन कागद आणला. तिसरी ओळ वाचली, या वेळी मराठीत, आणि म्हणाले, "हा धागा ताज्या खोडाचा आहे. भिजवलेलं सगळं सडलं. टाकी तिकडे आहे, वास येईल."

"मी तं पहिलेच सांगेल व्हतं," अक्का विळ्याला धार लावत म्हणाली.

नाना माझ्याकडे वळले. "मंग आंधी काऊन नाही सांगितलं?"

"वाचून दाखवलं होतं," मी म्हणाले.

यंत्र आमच्याकडेच राहिलं. नाना आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. यंत्र सुरू असल्यामुळे तसा फारसा फरक पडला नाही.