जुना पासवर्ड अपडेट करू का?

केनवडच्या बाजारओळीत धम्मदीपा खंडारेचं ऑनलाइन सेंटर आहे. दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर लाकडी बाक, आणि गिऱ्हाईकांकडे तोंड केलेला दुसरा स्क्रीन. हा दुसरा स्क्रीन तिनं मुद्दाम लावला होता. फॉर्म भरून झाल्यावर लोक म्हणायचे, नाव चुकलं. मग ती म्हणायची, 'डोळ्यासमोर भरलं, तवा काय जांभया देऊन राह्यले होते?' तालुक्यात तिच्या कामाला तोड नव्हती आणि तिच्या तोंडालाही नव्हती.

चौतिशीची बाई. बी.कॉम. झालेली. तिचे आजोबा ग्यानबा गावच्या दौलतरावांच्या वडिलांकडे सालदार होते. वर्षभराच्या बोलीनं राबायचे आणि निरोप आला की अंगणात उभे राहायचे. आता दौलतराव कागद घेऊन नातीच्या बाकावर बसत आणि 'मॅडम, माहा नंबर कवा?' असं विचारत. धम्मदीपाला याची गंमत वाटत असे. ती कोणाला बोलून दाखवत नसे एवढंच. दौलतरावांचा नंबर मात्र ती एकदाही मध्ये घालत नसे.

साडेतीनशे लोकांचे पासवर्ड ती एका जाड रजिस्टरात लिहून ठेवायची. एका बाजारच्या दिवशी ती चहा सांगायला बाहेर गेली आणि बाकावरच्या एका टवाळानं ते रजिस्टर उघडून मोठ्यानं वाचायला घेतलं. किशनचा पासवर्ड 'Rupa' नावानं सुरू होऊन एकशे त्रेचाळीसवर संपत होता आणि किशनच्या बायकोचं नाव रुपा नव्हतं. किशन दोन महिने त्या ओळीत फिरकला नाही. बायको मात्र एकदा येऊन पासवर्डाचं स्पेलिंग विचारून गेली.

पुण्यात कंपनीत असलेल्या संघदीपला, म्हणजे धाकट्या भावाला, हे कळलं तेव्हा तो फोनवर कपाळ बडवायचाच राहिला होता.

"ताई, पासवर्ड वहीत लिवते कोणी? मी एक एक्स्टेंशन टाकून देतो. ब्राउझरच्या कोपऱ्यात राहीन. सारे पासवर्ड तेच जपते, तेच भरते. तू फक्त त्याचा एकच पासवर्ड ध्यानात ठेव."

"अन् तो इसरली तं?"

"तं मंग संपलं."

"वा! लय भारी सोय करून देऊन राह्यला भाऊ."

पण तिनं ते घेतलं. साडेतीनशे नोंदी चार दुपारी बसून भरल्या आणि रजिस्टर फाडून टाकलं. कोपऱ्यात एक बारीक निळं कुलूप आलं. पहिला आठवडा मजेत गेला. पान उघडायचं, कुलूप दाबायचं, पासवर्ड आपोआप भरायचा. दुसऱ्या आठवड्यात लोक पासवर्ड बदलायला लागले आणि कुलपानं आपले गुण दाखवायला सुरुवात केली.

तुळसाबाईचं प्रकरण पहिलं. तिला रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं होतं. साइट म्हणाली, पासवर्ड जुना झाला, नवा करा. कुलूप लगेच पुढे आलं आणि त्यानं वीस अक्षरांचा असा एक पासवर्ड बनवून दिला की तो वाचताना जिभेला गाठ पडावी. वर विचारलं, 'अपडेट करू का?' धम्मदीपानं 'हो' म्हटलं. कुलपानं तो जपून ठेवला. मग साइट म्हणाली, पंधरापेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत. म्हणजे साइटवर जुनाच पासवर्ड राहिला, कुलपात नवा आला, आणि जुना कोणता होता ते तुळसाबाईलाही ठाऊक नाही आणि धम्मदीपालाही नाही.

"जुना काय वाईट होता वो बाई?" तुळसाबाईनं विचारलं.

"तुमचाच होता मावशी, मले काय पुसता?"

"मले तं तूच सांगतला होता."

शेवटी तुळसाबाईच्या फोनवर ओटीपी मागवून ते निभावलं. पण तेव्हापासून कुलपाशी धम्मदीपाचं उघड वैर सुरू झालं. पासवर्ड बदलायच्या पानावर तीन चौकोन असायचे, जुना, नवा आणि परत नवा. हे शहाणं तिन्ही चौकोनांत जुनाच भरायचं. कधी अपडेट करायचं सोडून त्याच माणसाची दुसरी नोंद करायचं. मग लखन नावाच्या एकाच गिऱ्हाइकाच्या तीन नोंदी, आणि तिन्हींचे पासवर्ड वेगळे. सगळ्यात वाईट म्हणजे प्रवेशाच्या पोर्टलवर तिच्याकडे एकेचाळीस जणांची खाती होती, आणि कुलूप त्या सगळ्यांना पोर्टलच्याच नावानं ओळखायचं. खाली बारीक अक्षरांत अर्जाचा नंबर, तेवढाच फरक. एका रंगाच्या एकेचाळीस बकऱ्या, आणि आपली कोणती ते कानातला बिल्ला वाकून वाचावा तेव्हा कळणार.

"संघदीप, तुहं कुलूप बदमाश हाय," ती फोनवर म्हणाली.

"ताई, वापरनाऱ्याची चूक असते."

"मंग तू ये इथं वापराले. बाकावर पंधरा मानसं बसवून देतो."

मग आला नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि पाचला पोर्टल बंद होणार होतं. दौलतरावांची शेंडेफळ, योगिनी, तिचा अर्ज महिन्यापूर्वी इथेच भरलेला. त्या वेळी पासवर्ड टाकायला दौलतराव स्वतः खुर्चीवर बसले होते. "पासवर्ड म्या टाकतो. पोरीचं काय खरं हाय," असं म्हणून त्यांनी धम्मदीपाला आणि योगिनीला तोंड फिरवायला लावलं होतं आणि दहा मिनिटं एका बोटानं टकटक केली होती.

दुपारी तीनला तिघं आली, दौलतराव, योगिनी, आणि बरोबर तिची आई चतुराबाई. चतुराबाईंना बाजारातून काही घ्यायचं होतं म्हणून त्या आल्या होत्या. धम्मदीपानं योगिनीचा अर्ज उघडला, कुलूप दाबलं. पासवर्ड भरला गेला. लाल पट्टी आली, 'पासवर्ड चुकीचा आहे.'

तिनं परत दाबलं. परत लाल. आता खाली नवीन ओळ आली, तीन प्रयत्न उरले, नंतर खातं चोवीस तास बंद.

तिला सकाळ आठवली. सेवादास आला होता, त्याच्या पोराचा पासवर्ड विसरला होता, नवा केला. त्याच्या आधी तिनं योगिनीचं खातं नुसतं तपासायला उघडलं होतं, म्हणून यादीत योगिनी सर्वांत वर. पट्टी आली, 'जुना पासवर्ड अपडेट करू का?' बाकावर आरडाओरडा चालू होता. तिनं न वाचता 'हो' दाबलं. सेवादासच्या पोराचा पासवर्ड योगिनीच्या डोक्यावर जाऊन बसला.

"काय झालं?" दौलतरावांनी विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. पोर्टल डाऊन आहे म्हटलं की लोक मान हलवतात. पण ती म्हणाली, "माह्या हातून चूक झाली. तुमचा पासवर्ड पुसल्या गेला. तुमच्या ध्यानात हाय ना?"

दौलतराव खाकरले. "हाय ना. माहंच नाव हाय. दौलत, अन् पुढं एक दोन तीन."

तिनं टाकला. लाल. दोन प्रयत्न उरले.

"दौलत, एक दोन तीन चार अशीन."

"अशीन का हाय?"

"हाय!"

लाल. एक उरला.

"ओटीपी मागवतो," ती म्हणाली. "नंबर कोनाचा देला होता?"

"माहा."

"फोन काढा."

दौलतरावांनी फोन काढलाच नाही. ते सिम रिचार्ज न केल्यानं बंद झालं होतं, हे त्यांनी मग तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. योगिनी म्हणाली, "बाबा, मी म्हनलं होतं, माहा नंबर द्या."

"तू चूप बस." मग ते उठून धम्मदीपाकडे वळले. "ग्यानबानं आमच्या घरी तीस वर्षं काम केलं, पन एक खुरपं हरवलं नाई. अन् तू नातीनं माह्या पोरीचं वर्ष हरवलं."

धम्मदीपानं कीबोर्डवरून हात काढले.

"दौलतराव, माह्या आजोबाले तुमच्या घरी कोनी खुर्ची देली नाई. तुमी माह्या खुर्चीवर बसले हा. चूक माही हाय, ते म्या पयलेच सांगतलं. आता आजोबाले मधात आनान तं बाहेर जाऊन बसा. पोरीचं काम म्या करतो."

चतुराबाईंनी नवऱ्याचा सदरा मागून धरला आणि खाली ओढला. दौलतराव बसले.

साडेतीन वाजून गेले. संघदीपला फोन लावला, त्यानं कापला, मीटिंगमध्ये असेल. धम्मदीपानं ठरवलं, या कुलपाच्या पोटात काय काय आहे ते आज पूर्ण वाचायचं. इतके दिवस तिनं ते फक्त दाबलं होतं. योगिनीची नोंद उघडली. नाव, नंबर, ठिपक्यांचा पासवर्ड. ती खाली खाली गेली. तळाशी पुसट राखाडी अक्षरात लिहिलं होतं, 'आधीचे पासवर्ड: १'. तिनं त्यावर दाबलं. दहा-बारा ठिपके आले, शेजारी डोळ्याचं चित्र. वर तारीख वेळ, आज सकाळी दहा त्रेपन्न. म्हणजे सेवादास समोर बसला होता ती घटका. कुलपानं जुना फेकला नव्हता, माळ्यावर टाकून ठेवला होता. आणि हे त्यानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"तुहा मुडदा बशिवला," धम्मदीपा प्रेमानं म्हणाली आणि तिनं डोळा दाबला.

दुसरा स्क्रीन गिऱ्हाईकांकडे होता हे ती त्या आनंदात विसरली. बाकावरच्या पंधरा जणांना, भाजीच्या पिशव्या घेऊन दारात उभ्या असलेल्या बायांना, सगळ्यांना मोठ्या अक्षरांत दिसलं:

Chatura@1994

योगिनीनं सवयीनं वाचलं, "चतुरा अॅट एकोनीसशे चौऱ्यान्नव." आणि तोंडावर हात ठेवला.

दौलतरावांनी छताकडे पाहिलं. छतावर पंखा होता, त्यांनी तो फार बारकाईनं पाहिला. त्यांना पासवर्ड पहिल्यापासून आठवत होता. चार माणसांत बायकोचं नाव घ्यायची पाळी आली म्हणून त्यांनी पोरीचे दोन प्रयत्न घालवले होते.

"चौऱ्यान्नव म्हंजी?" कोणीतरी विचारलं.

"आमचं लगन," चतुराबाई म्हणाल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तीस वर्षं झाले. 'अवो' अन् 'आयकलं का', याच्या पुढं तोंडातून कवा नाव नाई निंगालं. अन् मशीनीत टाकून राह्यले? मशीन काय तुमची भाकर थापते?"

बाक असा हसला की शेजारचा कापडवाला उठून पाहायला आला.

धम्मदीपानं तो पासवर्ड टाकला. खातं उघडलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. योगिनीनं खुर्ची पुढे ओढली. घरून ठरवून आणलेली यादी अशी होती की पहिलं वाशीमचं कॉलेज आणि मग काहीच नाही. तिनं पहिला क्रमांक नागपूरला दिला, दुसरा अमरावतीला, तिसरा वाशीमला.

"बाबा, भरू ना?"

"भर बाप्पा, काय भराचं ते भर," दौलतराव पंख्याला म्हणाले.

धम्मदीपानं 'सबमिट' दाबलं आणि दोन प्रती काढल्या. मग तिनं यादीतल्या एकेचाळीस नोंदी एकेक उघडून त्यांना माणसांची नावं दिली. पुढचे दोन दिवस त्यातच गेले. सेटिंगात जाऊन विचारायची पट्टीच बंद केली. आता पासवर्ड बदलला की आधी साइटवर चालतो का पाहायचं, मग स्वतः नोंद उघडून हातानं लिहायचं. वेळ लागतो. लोक कुरकुरतात. संघदीप म्हणाला, ताई, ही पद्धत लय मागासलेली हाय. ती म्हणाली, तुही पुढारलेली पाह्यली.

योगिनीला अमरावती मिळालं. ती सामान घेऊन गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात चतुराबाई एकट्याच सेंटरवर आल्या.

"तो पासवर्ड बदलून दे वो पोरी."

"काहून? चांगला चालून राह्यला."

"अवं, पोट्टे मले रस्त्यानं 'अॅट काकू' म्हनून राह्यले. दळनाले गेली तं चक्कीवाला म्हनते, या चौऱ्यान्नव."

धम्मदीपा इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग तिनं योगिनीला फोन करून विचारलं. योगिनी म्हणाली, "आईच्या मनानं ठेवा, मले मंग सांगजा." धम्मदीपानं मोबाइल नंबर योगिनीचा केला, दुसरा स्क्रीन बंद केला आणि खुर्ची रिकामी केली.

"बसा. नवा काय ठेवता ते तुमीच टाका. मले सांगू नका."

"मले जमन?"

"सातवी शिकल्या ना तुमी?"

"आठवी."

चतुराबाई बसल्या. पदर कमरेला खोचला, चष्मा लावला. एकेक अक्षर कीबोर्डवर हुडकून त्या दाबू लागल्या. धम्मदीपा दाराकडे तोंड करून उभी राहिली. दहा मिनिटं झाली. बाकावर सेवादास होता, त्याचा पोरगा परत पासवर्ड विसरला होता.

"मॅडम, लय टाइम लागून राह्यला. काय चालू हाय आत?"

"थांबा," धम्मदीपा म्हणाली. "बाईचं चालू हाय."