रेडिएटरपुढची जाळी

आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नव्या कोऱ्या गाडीच्या तोंडाला जाळी बांधली तेव्हाच मला वाटलं होतं की हे काही बरं होत नाही. खिडकीला डासांसाठी लावतात ना, तीच बारीक जाळी. अकोल्याकडच्या मालेगावात आमचं किराणा दुकान आहे, तिथल्या खिडकीला लावून उरलेला तुकडा. तारेनं आवळून आवळून बांधला.

सोयाबीनच्या दिवसांत संध्याकाळी आमच्याकडं रस्त्यावर चिलटं, पाखरं इतकी येतात की समोरची काच धुवावी लागते. पहिल्याच फेरीनंतर मामाजींनी वाकून पाहिलं, तर रेडिएटरला ती चिकटलेली. पाणीसुद्धा गाळून पिणारा जैन माणूस, त्यांना ते बघवेना. त्यात गाडी घेतली ती त्यांच्यासाठीच. गुडघे कामातून गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही, आणि दर पौर्णिमेला शिरपूरला दर्शनाला गेल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "माह्या एकट्यापायी इतके जीव जात असन, त मी बसू कसा?" म्हणाले.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, बाबाले सांगा न, इंजनले हवा लागते म्हणून."

"तूच सांग. मले कायले मंधात घालतं?"

मग काय, कोणीच सांगितलं नाही. आमच्या घरात अवघड बोलणं असंच एकमेकांवर ढकलतात.

पुढं एकदा शेलूबाजारहून तिघं परत येत होतो. माझी नजर इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या काट्यावर गेली.

"तो काटा कायले वर चालला?"

"चढ हाय म्हणून," गाडी चालवता चालवता हे म्हणाले.

"चढ कुठं हाय? सपाट त रस्ता हाय."

ह्यांनी एसी बंद केला. थोड्याच वेळात बोनेटमधून वाफ निघायला लागली आणि गाडी धक्के देत कडेला उभी राहिली. उतरून पाहतो तर जाळीला एक भोक मोकळं नाही. पाखरांचा ओला थर बसलेला. जी रेडिएटरवर मेली असती ती जाळीवर मेली होती, इतकंच. मामाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि बघत राहिले. ह्यांनी तारा तोडल्या, जाळी ओरबाडून काढली आणि नालीत फेकली.

इंजिनाचं गॅस्केट उडालं होतं. दुसऱ्या दिवशी टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून, गाडी अकोल्याला न्यायची ठरली. निघायच्या आधी हे मामाजींपुढं जाऊन बसले.

"बाबा, गाडी वॉरंटीत हाय. पण जाळीचं नाव काढू नका. काढलं त कंपनी हात वर करीन, गाडी तिथंच पडून राहीन, अन् तुमची पौर्णिमा गेली म्हणून समजा."

मला तर अन्न गोड लागेना. गिऱ्हाइकानं विचारायच्या आत "ही डाळ जुनी हाय, उद्या या" असं सांगणारे आमचे मामाजी. खरं सांगते, मला तेव्हा भीती एकच होती, की मामाजी खरं बोलून बसतील.

अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरवरचा माणूस बोलायला चांगला होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. सीट कव्हर बदललं म्हणून इंजिनाची वॉरंटी जात नाही. पण तुम्ही बाहेरून जे बसवलं त्याच्यामुळंच बिघाड झाला असेल, तर तो खर्च कंपनी देत नाही. हे सांगता सांगता तो गाडीपुढं बसला आणि तारेचे ओरखडे होते तिथंच त्यानं बोट फिरवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मी पदर सारखा करत बसले.

"इथं काही बांधलं होतं का?"

"नाही बा," हे म्हणाले. "काहीच नाही."

तो उठला. आमच्याकडं पाहिलं, मग मामाजींकडं वळला. "काका, तुम्ही सांगा. होतं काही?"

मामाजींनी मुलाकडं पाहिलं. ह्यांच्या कानामागून घाम ओघळत होता.

"नाही," मामाजी म्हणाले.

वॉरंटी मिळाली. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथल्या मशीनचा फुकटचा चहा दोनदा घेतला. मामाजींनी घेतला नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली. पौर्णिमेला सकाळी ह्यांनी ती पुसून दाराशी लावली. मामाजी काठी घेऊन बाहेर आले आणि गाडीच्या बाजूनं पुढं निघाले.

"मामाजी, गाडी इकडं हाय."

"माहीत हाय. मी नाही बसत तिच्यात आता. नियम घेतला मी."

हे त्यांच्यापुढं आडवे झाले. "बाबा, मी अकोल्याले जातो, खरं सांगतो, जे लागन ते भरतो. मंग त बसान?"

"तुले सांगावं वाटलं त सांग. माह्यं 'नाही' माह्याजवळच राह्यते."

रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. पण रागच नाही. जेवतात, दुकानात बसतात, माझ्या हातचं वरण चांगलं झालं तर चांगलं म्हणतात. हे अकोल्याला जातो जातो म्हणतात, अजून गेलेले नाहीत.

आता दर पौर्णिमेला एसटी पुढं आणि आमची गाडी तिच्या मागं. ह्यांच्या बाजूची सीट रिकामी, कारण तिथं बसायला माझाही जीव होत नाही. मी मागं बसते. प्रत्येक थांब्यावर मान बाहेर काढून बघते, मामाजींना जागा मिळाली की दांडा धरून उभेच आहेत. पाय घसरला तर? गर्दीत कोणी ढकललं तर? शिरपूर आलं की हे गाडी तशीच सोडून पळतात आणि एसटीच्या दाराशी हात पुढं करून उभे राहतात. मामाजी तो हात धरतात, एकेक पायरी उतरतात, खाली आल्यावर जरा दम घेतात आणि मुलाला विचारतात, "गाडी गरम त नाही झाली न रे?"