पूर्ववेशीवरचा सूर्योदय

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मालकाला लहानथोर सगळे हनुवटीकाका म्हणतात. ओळखपत्राच्या फोटोसाठी कोणी स्टुलावर बसलं, की कॅमेऱ्यामागून आवाज येतो, "हनुवटी जरा वर... एवढी नको... हं. आता दोन्ही कान दिसू द्या." गेल्या तीस वर्षांत अख्ख्या शहराच्या हनुवट्या त्याने वरखाली केल्या आहेत. तो माझा विद्यार्थी, त्यामुळे मला काही त्याला अहोजाहो करणं जमत नाही. आणि विद्यार्थी असला, तरी पहिल्या तासाला मी त्याला पाहिल्याचं आठवत नाही.

पोट स्टुलावरच्या माणसांवर चालतं, पण जीव जुन्या शहरावर. संध्याकाळी पाचला शटर ओढायचं, कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकायचा आणि निघायचं. तटबंदी, दगडी पूल, घड्याळाचा मनोरा, सगळं त्याने मावळतीच्या उन्हात टिपलं आहे. ते ऊन कोणत्या भिंतीवर किती मिनिटं टिकतं, हे त्याला तोंडपाठ. सूर्योदयाचं विचारलं, की म्हणायचा, "बाई, तो कार्यक्रम माझ्या वेळेच्या आधी संपतो."

त्याची बायको नेमकी उलट. ती शहर बस चालवते. पहिली गाडी तिची, पावणेसहाला आगारातून निघते आणि सव्वासहाला पूर्ववेशीतून बाहेर पडते. तिचा निम्मा दिवस संपतो तेव्हा याचे डोळे उघडतात. तेवीस वर्षांत दोघांचं मोठं भांडण झालेलं नाही, ते बहुधा त्यामुळेच.

नगरभवनाच्या नव्या सभागृहात दोन भलीमोठी छायाचित्रं लावायचं ठरलं: पूर्ववेशीवरचा सूर्योदय आणि पश्चिमवेशीवरचा सूर्यास्त. काम हनुवटीकाकाला मिळालं. स्टुलाबाहेरचं त्याचं हे पहिलंच काम. त्या आनंदात त्याने तीन दिवस कोणाची हनुवटी धड लावली नाही.

आता आमच्या दोन्ही वेशी म्हणजे जुळ्या बहिणी. तीच कमान, दोन बाजूंना तेच दोन दगडी सिंह. याने काय करावं? पश्चिमवेशीवरच दोन संध्याकाळी उभं राहून दोन फोटो काढले. तांबूस होता त्याला सूर्यास्त म्हटलं, फिकट होता त्याला सूर्योदय. नगरभवनाच्या समितीचे अध्यक्ष तर खूश. म्हणाले, "पहाटेचा गारवा अगदी अंगावर येतो हो!"

बायकोने मात्र दुकानात फोटो पाहिला आणि चष्मा लावला.

"ही पूर्ववेस?"

"मग काय?"

"उजव्या सिंहाला कान कुठून आला?"

"कुठला कान?"

"अहो, गेल्या वर्षी मालट्रकने उडवला तो. मी रोज त्याला घासून गाडी काढते. का दोन्ही कान दिसल्याशिवाय तुम्ही सिंहाचाही फोटो काढत नाही?"

"कोणाला कळतंय एवढं!"

"पहिल्या गाडीच्या चाळीस माणसांना कळेल. मग गावभर होईल, की यांची पहाट पश्चिमेला उगवते."

हे त्याला लागलं. उद्घाटनाला आठ दिवस होते. पहिल्या दिवशी त्याने दोन गजर लावले आणि दोन्ही झोपेतच बंद केले. दुसऱ्या दिवशी बायकोने पांघरूण ओढलं, तर डोळे मिटूनच "उठलो, उठलो" म्हणाला आणि कूस बदलली. तिसऱ्या दिवशी तिने तोंडावर पाणी मारलं, आगारात नेऊन आपल्याच गाडीत बसवलं आणि पूर्ववेशीशी कंडक्टरकडून पार्सलासारखं उतरवून घेतलं.

वेशीत एक झाडूवाली झाडत होती. कमानीतून पहिलं ऊन आत आलं आणि उडालेली सगळी धूळ सोन्याची झाली.

"ओ दादा, थांबा, झाडून होऊ दे. मग काढा फोटो."

"नका थांबू! झाडा! अजून झाडा!"

"धूळ एवढी आवडते, तर घरी झाडायला बोलवा मग एकदा," ती म्हणाली आणि जोरात झाडू लागली.

सात वाजता तो धापा टाकत माझ्या दारात.

"बाई, हे असं रोज होतं?"

"रोज."

"मग कोणी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं होतं. पहिल्या तासाला."

नवा फोटो घेऊन तो समितीपुढे गेला. अध्यक्षांनी नाक मुरडलं. "ही पहाट खरी वाटत नाही. धूळ फार आहे. आधीचीच लावा."

तो गप्प बसला असता तर काम पक्कंच होतं. पण तो म्हणाला, "साहेब, आधीची पहाट मी संध्याकाळी काढलीय."

त्याने नव्या फोटोतला तुटका कान दाखवला, पण अध्यक्ष तापले होते. "फसवणाऱ्याला एक कान पुसायला कितीसा वेळ लागतो? उद्या सकाळी सहाला आम्ही पाचही जण वेशीवर येतो. ऊन असंच पडलं तर हा फोटो लागेल. नाहीतर दोन्ही घेऊन जा, आम्ही दुसरा माणूस बघू."

दुसऱ्या दिवशी तो आपणहून उठला. बायकोने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला. सहाला तो वेशीत हजर होता आणि धुकं असं पडलं होतं, की हाताला हात दिसेना. सव्वासहाला धुक्यातून तिची गाडी आली. तिने काच सरकवली.

"किती जण आले?"

"मी."

आठ वाजेपर्यंत तो थांबला. सूर्यही आला नाही आणि समितीही नाही. दुपारी आपले फोटो परत न्यायला तो रिकामी पिशवी घेऊन नगरभवनात गेला. पाळी संपवून बायकोही गणवेशातच दाराशी येऊन उभी राहिली.

अध्यक्ष उठले, घसा साफ केला. "आज पहाटे आम्ही पाचही जण जातीने वेशीवर गेलो होतो. जरा वेगवेगळ्या बाजूंना उभे होतो, म्हणून यांना दिसलो नसू."

"काय तो सूर्य!" एक सदस्य म्हणाले.

"आणि ती धूळ! हुबेहूब फोटोतल्यासारखी," दुसऱ्यांनी पुस्ती जोडली. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. नवा फोटो एकमताने मंजूर झाला.

काही सांगायला याने तोंड उघडलं. दारातून बायकोने डोळे मोठे केले. "आभारी आहे," एवढंच म्हणून तो बाहेर पडला.

जिना उतरताना मात्र त्याला राहवेना. "अगं, मला तर तिथं सिंहसुद्धा दिसत नव्हते!"

"असू दे हो," ती म्हणाली. "साखरझोप कोणाला सुटते? तुम्ही तरी त्यांना नावं ठेवू नका."