नवरदेवाची पाव गोळी

बाजारपेठेत त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. धान्याच्या दुकानापासून भंगारवाल्यापर्यंत सगळे म्हणायचे, "नवरदेव आले, काटा बाहेर काढा." वय एकोणसाठ. पाठीला बाक आलेला, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. पण डोक्यावर केस असे, की पाठीमागून येणारा त्याला तिशीतला समजून "अरे ए" करायचा आणि तोंड वळलं की जीभ चावायचा.

धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. खांद्याला पिशवी, पिशवीत लाकडी वजनपेटी आणि पेटीत मखमलीच्या खोबणीत पितळी वजनं. काटा जागेवर सुधारण्यासारखा नसला, तर त्याच्या मानेला पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेनं बांधायची त्याची जुनी रीत होती: 'किलोमागे वीस ग्रॅम कमी दाखवतो.' दुकानदार कुरकुरायचा, "अहो, गिऱ्हाईक वाचेल ना!"

"वाचावं म्हणूनच बांधलीय."

आता त्या केसांचं. त्याच्या घराण्यात बाप्ये तिशी ओलांडली की टकले. बाप, काका, थोरला भाऊ, सगळी डोकी एका साच्यातून काढल्यासारखी. थोरला तर चारचौघांत याच्या झुलपात बोटं घालून म्हणायचा, "हा आमचा नव्हेच. दवाखान्यात बदलून आलाय." लोक हसायचे, हाही हसायचा. पण हसताना मान जरा मागं घ्यायचा, कारण खरं काय ते थोरल्याला ठाऊक नव्हतं.

चौतिसाव्या वर्षी याचंही कपाळ वर सरकायला लागलं होतं. टाळूवर रुपयाएवढं चकचकीत दिसायला लागलं, तेव्हा हा गुपचूप कातडीच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं रोज एक गोळी आणि टाळूला लावायचं पाण्यासारखं औषध लिहून दिलं. म्हणाला, "गेलेले थोडेफार येतील. आहेत ते टिकतील."

"किती दिवस घ्यायचं?"

"केस हवेत तोवर. सोडलंत, की वर्षभरात जेवढे राखलेत तेवढे जाणार."

याला वाटलं, दोन-तीन वर्षांचा मामला असेल. त्याला पंचवीस झाली.

पहिल्या दोन महिन्यांत केस थांबायचे सोडून जास्तच गळले. उशीवर, ताटात, अंगरख्यावर केसच केस. बायको म्हणाली, "औषध आहे का वस्तरा?" पण डॉक्टरनं आधीच बजावलं होतं, म्हणून रेटून नेलं. आठव्या महिन्याला टाळूवर बारीक लव दिसली. तेव्हा बायकोनं खिडकीपाशी नेऊन डोकं उजेडात धरलं आणि शेतातला पहिला कोंब बघावा तसं बघत बसली.

तेव्हापासून टाळूचं काम तिनं घेतलं. कंगव्याच्या शेपटीनं भांग पाडायचा, ड्रॉपरनं थेंब सोडायचे, बोटानं पसरायचे, मग हात साबणानं खसाखसा धुवायचे. म्हणायची, "मान खाली. आणखी खाली. लग्नात हार घालताना वाकला नव्हतात, आता बरे वाकता!"

गोळीला मात्र तिनं हात लावायचा नाही, असा नियम होता. त्या काळी तिथल्या दुकानात त्या औषधाची मोठी गोळीच मिळायची, म्हातारपणी लघवीची वाट अडते त्या दुखण्याची. केसांना त्यातली पाव पुरायची, म्हणून तिचे चार तुकडे करावे लागत. आणि पोटुशा बाईनं फुटक्या गोळीला शिवायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. मुलगा तेव्हा पोटात होता. म्हणून हा गोळ्या वर्कशॉपात ठेवायचा. वजनपेटीतलं पन्नास ग्रॅमचं वजन कधीचं हरवलं होतं, त्या खोबणीत डबी बसली. सोनाराचे काटे तपासायच्या नाजूक तराजूवर तो चारही तुकडे तोलायचा. एखादा जड भरला तर ब्लेडनं खरवडायचा. पुढं मुलगा मोठा झाला, लांबच्या शहरात नोकरीला गेला, तरी डबी पेटीतच राहिली.

चार वर्षांपूर्वी बायको गेली. टाळू राहिली.

एकट्यानं टाळूला औषध लावून बघा म्हणजे कळेल. एक आरसा भिंतीला, एक डाव्या हातात, उजव्या हातात ड्रॉपर. आरशात हात उजवीकडं न्यावा तर तो डावीकडं जातो. निम्मे थेंब कानावर, निम्मे मानेत. पुसायला हात मोकळा नाही. तरी सकाळ-संध्याकाळ चुकवलं नाही. रविवारी मुलगा फोनवर तोंड दाखवायचा. म्हणायचा, "बाबा, कॅमेरा खाली घ्या, नुसते केसच दिसतायत." हा खाली घ्यायचा. पाच-सात मिनिटं बोलणं व्हायचं आणि मग पुढच्या रविवारपर्यंत घरात नळाचा तेवढा आवाज.

असं चाललं असताना थोरल्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वेळेवर कळला, ऑपरेशन झालं, गडी उठून बसला. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावानंही तपासून घ्यावं. थोरल्यानं याला बखोटीला धरून नेलं आणि तपासणीच्या खोलीत खुर्ची ओढून शेजारीच बसला.

"काही औषधं चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

याच्या आधी थोरलाच बोलला, "ह्याला कसली औषधं! डोकं बघा की, घोड्याच्या आयाळीसारखं."

"काही नाही," हा म्हणाला.

तपासणीत हाताला काही लागलं नाही. रक्तात प्रोस्टेटचा जो आकडा बघतात, तो आला तीन पूर्णांक दोन. डॉक्टर म्हणाले, चारच्या आत आहे, ठीक आहे, वर्षानं या. थोरल्यानं पाठीत धपाटा घातला, याचा जीव भांड्यात पडला.

आठवड्यानं गोळ्या आणायला हा औषधाच्या दुकानात गेला. दुकान आता जुन्या मालकाची मुलगी बघायची. पिशवीतून पाकीट काढताना रिपोर्ट टेबलावर पडला. तिनं उचलून देता देता वाचला.

"काका, ह्या डॉक्टरांना गोळीचं सांगितलंत ना?"

"कुठल्या?"

"ही काय, माझ्या हातात आहे ती."

"अगं, ती केसांची."

"गोळीला कुठं माहीत तुम्ही ती केसांसाठी घेताय ते? ती जायची तिथं, प्रोस्टेटकडंच जाते. ही चालू असली की हा आकडा निम्म्यावर येतो. डॉक्टर दुप्पट धरून बघतात. पण त्यांना माहीत असेल तर ना!"

यानं रिपोर्ट डोळ्यांजवळ नेऊन आकडा पुन्हा वाचला. आयुष्यभर त्यानं असले काटे पाहिले होते. पारड्याखाली खडा अडकलेला असतो, पारडं पुरतं खाली जात नाही, काटा बिचारा निम्मंच दाखवतो, आणि मालक छाती ठोकून सांगतो, माझा काटा खरा आहे.

"घाबरू नका," ती म्हणाली. "असेलच असं नाही. पण सांगा. आणि मनानं गोळी बंद करू नका, त्यांनाच विचारा."

सांगायचं म्हणजे काय, ते त्याला रस्त्यात उमगलं. पुढच्या मंगळवारी त्याच डॉक्टरांकडं थोरल्याची तपासणी होती, सोबतीला हाच जाणार होता. थोरल्यासमोर सांगायचं. पंचवीस वर्षं दवाखान्यात बदललेलं पोर म्हणून मिरवलो, ते सगळं बाटलीतलं होतं म्हणायचं. तेही सोसलं असतं. त्याला धास्ती होती ती पुढच्या प्रश्नाची. ह्या वयात, घरात कुणी नसताना, कुणासाठी रे? रोज दोनदा टाळू ओली करायची, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मंगळवारपर्यंत त्यानं तीनदा फोन उचलला आणि ठेवला. डॉक्टरांना एकट्यानं गाठावं म्हटलं, तर दवाखान्यातली बाई पुढच्या महिन्याची तारीख सांगत होती.

मंगळवारी थोरल्याचं आटोपलं. थोरला शर्टाची बटणं लावत उठला, तसा हा म्हणाला, "दादा, बस जरा." मग डॉक्टरांकडं वळला. "मागं मी खोटं बोललो. एक गोळी चालू आहे. पंचवीस वर्षं." आणि खिशातनं गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी पाकीट वाचलं, रिपोर्ट ओढला, पेनानं आकडा खोडून बाजूला लिहिला: सहा पूर्णांक चार. "पुन्हा रक्त बघू. मग एक स्कॅन. आत्ताच काही म्हणता येत नाही, पण वर्ष थांबायचं नाही. बरं झालं आलात."

"आणि गोळी?"

"चालू राहू दे. फक्त जो कुणी रक्त घेईल त्याला सांगायचं."

कुणासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या दारात अजून नऊ माणसं बसली होती.

बाहेर बाकावर थोरल्यानं शर्टाची राहिलेली बटणं लावली. मग म्हणाला, "मला वाटायचं तू आईवर गेलास."

"नाही."

"तुझ्या बायकोला ठाऊक होतं?"

"तीच लावायची."

थोरल्यानं आपल्या टकलावरनं हात फिरवला. "आत्ता कोण लावतं?"

"आरसा आहे की."

थोरला हसला नाही. त्याची बस आली. पायरीवर चढताना म्हणाला, "स्कॅनच्या दिवशी येतो," आणि बस गेली.

हा वर्कशॉपात आला. पेटी उघडली, डबीतला पाव तुकडा पाण्याबरोबर गिळला. मग पुठ्ठ्याचा तुकडा कापला, काट्यांना बांधायचा तेवढाच, आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'केसांची गोळी चालू आहे. आकडा दुप्पट धरा.' भोक पाडून तार ओवली. पण ही बांधायला काट्याची मान नव्हती. मग तार काढून टाकली आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. उद्या कुठं रस्त्यात पडलोच, तर उचलणाऱ्याला सांगणारं घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं दोन आरसे जुळवले आणि मान खाली घातली. आणखी खाली. थेंब कानावरच पडला.