काका ‘थांबा’ म्हणाले आणि आम्ही थांबलो

प्रभाकर काका घरात फरशीवर पडले होते, आणि आम्ही दोघं नियम पाळत गप्प बसलो होतो.

आज त्यांची तेरवी झाली. अमडापूरहून आत्ताच चिखलीला परत आले. कुणाशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. काकांचं अमडापूरला कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं.
आणि काउंटरवर एसटीनं आलेला इंग्रजी पेपर, क्रॉसवर्डच्या पानावर घडी घातलेला.
साधा क्रॉसवर्ड नाही. क्रिप्टिक. ज्यातलं प्रत्येक वाक्य तुम्हाला फसवायलाच लिहिलेलं असतं.

मी चिखलीच्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळते. कधीतरी वडिलांसाठी बियाणं घ्यायला त्यांच्या दुकानात गेले होते. पेपरात डोकावून बघत होते, तर त्यांनी मराठीत एक क्लू करून दिला.
‘आज गणपतीत विश्व लपलंय. दोन अक्षरं.’
बियाण्याची पिशवी घेऊन मी स्टँडपर्यंत गेले आणि तिथून परत आले. ‘आज’चा ज, ‘गणपती’चा ग. जग.

"गेली तू कामातून," काका म्हणाले. "आता तुले पेपर सरळ वाचता येनार नाही."

खरंच नाही आला.

तिसरे विलास सर. हिवरा आश्रमला शाळेत गणित शिकवतात. त्यांच्याकडे तो पेपर येत नाही, म्हणून सकाळी मी लायब्ररीतल्या पेपरचा फोटो आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकायची. मग दिवसभर आमचं सुरू.
सर क्लूचे तुकडे पाडत बसायचे. मी डिक्शनरीत घुसायची. काका कुणाला तरी युरिया देता देता उत्तर टाकून मोकळे व्हायचे, आणि वर आम्हाला विचारायचे, झोपले का सगळे.

माझ्या घरी यातलं कुणाला काही कळत नाही. दिवसातला माझा म्हणावा असा तेवढाच वेळ होता. तो या दोघांमुळे होता.

नियम एकच. कुणी ‘थांबा’ लिहिलं की बाकीच्यांनी तोंड बंद.
हिंट नाही, फोन नाही, साधा अंगठासुद्धा नाही. ज्यानं लिहिलं तो स्वतः बोलेपर्यंत.

नियम काकांचाच. एकदा ते विचार करत असताना सरांनी फोन करून उत्तर सांगून टाकलं.
"माया तोंडातला घास काढला बे तू," काका म्हणाले, आणि पुढे कित्येक दिवस सरांना ब्लू टिकशिवाय काही मिळालं नाही. मीच मध्ये पडून दोघांचं जमवलं.
तेव्हापासून आम्ही तो नियम उपासासारखा पाळला. कौतुक वाटायचं आम्हाला स्वतःचं.

त्या दिवशी एकच क्लू उरला होता. सकाळीच काकांचा मेसेज आला.

"थांबा. येऊन राह्यलं."

आम्ही थांबलो.

दुपारी सरांनी मला वेगळा मेसेज केला, काका आज फारच वेळ घेतायत. मी लिहिलं, अवघड आहे, चघळू द्या त्यांना.
मला उत्तर केव्हाच आलं होतं. सरांनाही. काकांच्या आधी आलं म्हणून आम्ही दोघं मनातल्या मनात खूश होतो.

काकू गेल्यापासून काका एकटेच राहायचे. दुकान उघडलं नव्हतं, तर लोकांना वाटलं माल आणायला गेले असतील. संध्याकाळी शेजारच्या वहिनी भाजी द्यायला गेल्या तेव्हा दिसले. स्वयंपाकघराच्या दाराशी. शुद्ध होती, पण बोलता येत नव्हतं.

चिखलीच्या डॉक्टरांनी मेंदूत रक्ताची गाठ सांगितली. सकाळीच आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं, हेही सांगितलं. शांतपणे, सगळ्यांना सांगत असतील तसं.

दुसऱ्या दिवशी काका गेले.

लोक समजूत घालतात. तुम्हाला काय माहीत होतं, म्हणतात. वेळ आली होती, म्हणतात.
मला नाही पटत.
फोन केला असता, त्यांनी उचलला नसता, मग आम्ही शेजारच्या कुणालातरी पाठवलं असतं. इतकं सोपं होतं. त्यात फसवणारं काहीच नव्हतं.

पेपर अजून येतो. मी रॅकला लावते, उघडत नाही. ग्रुपवर आता मी आणि सर, आणि कुणीच काही लिहीत नाही. आज पंगतीत सर समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही.
पुन्हा कोडं हातात घेईन असं वाटत नाही. त्याच्याशिवाय दिवस कसा काढायचा तेही कळत नाही.

पंगती उठल्यावर मंजू माझ्याजवळ येऊन बसली. काकांची मुलगी, नाशिकला असते. बापाचा फोन आता तिच्याकडे आहे. तिनं त्या दिवसाचा ग्रुप वाचला होता.

"ताई, दिवसभरात तुम्ही एक फोन काऊन नाही केला बाबाले?"

मी तिला नियम सांगितला. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होते. माझ्याच कानाला तो पोरखेळ वाटला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काय होतं त्याचं उत्तर?"

"लँटर्न," मी म्हटलं. "कंदील."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"एवढ्यासाठी?"

हो मंजू. एवढ्यासाठी.

काका, तुम्हाला श्रद्धांजली वाहायचा हक्क आम्हाला उरलाय का, माहीत नाही.
तरी वाहते.