मागच्या सीटवरचं नेट

कंडक्टरकाकांनी उभं आयुष्य शहरातल्या बसमध्ये तिकिटं फाडली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना कंडक्टरकाकाच म्हणायचं. नोकरीत त्यांचा दरारा होता तो एकाच गोष्टीसाठी. फुकट्या प्रवासी त्यांच्या हातून सुटत नसे. एखादा माणूस खिडकीबाहेर फारच मन लावून बघायला लागला की काका ओळखायचे, आणि भर बसमध्ये खणखणीत आवाजात तिकीट विचारायचे.

मुलीने हौसेने त्यांना परदेशाच्या सहलीला पाठवलं. बायकोने गुडघ्यांमुळे नाही म्हटलं. "तुम्ही जा, आणि मला सगळं फोनवर दाखवा. जेवायला काय होतं तेसुद्धा," ती म्हणाली. मुलीने निघताना दहादा बजावलं, "बाबा, आपलं कार्ड तिकडे चालू ठेवलंत तर बिल बघून भोवळ येईल. उतरल्या उतरल्या तिकडचं सिम घ्या." त्यासाठी वेगळे पैसेही खिशात कोंबले.

काकांनी विमानतळावरच्या दुकानात भाव पाहिला, मनातल्या मनात आपल्या पैशांत गुणला आणि सरळ बाहेरची वाट धरली. हॉटेलात वायफाय असतंच की फुकट!

पण हॉटेल रात्रीपुरतं. बघण्यासारखं जे काही होतं ते दिवसा, सहलीच्या बसमधून. पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवर एक शाळामास्तरीण आणि तिचा नवरा बसले होते. काकांनी वाकून विचारलं, "ताई, एक मिनिटभर नेट मिळेल का? बायकोला हे तळं दाखवायचं होतं."

"अहो, घ्या की!" ती हसून म्हणाली. तिने स्वतःच त्यांच्या फोनवर पासवर्ड टाकून दिला. नवराबायकोत मिळून एकच सिम होतं. ते तिच्या फोनमध्ये, आणि त्यावरच नवऱ्याचाही फोन चाले. त्यामुळे तिचा हॉटस्पॉट दिवसभर चालूच असायचा.

त्या मिनिटाला शेवट असा राहिलाच नाही. काका जवळ गेले की फोन आपोआप जोडला जाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तीच मागची सीट धरली. तिसऱ्या दिवशी एका आजोबांना तिथून गोड बोलून उठवलंही. पूल, किल्ला, बाजार, बदकं, सगळं बायकोला दाखवून झालं. परत विचारावं असं एकदा मनात आलं होतं. पण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातच मिटवला.

चौथ्या दिवशी दुपारी बस डोंगरातून चालली होती. मास्तरणीचा मुलगा घरी आजीजवळ होता, त्याला ताप भरला होता. ती व्हिडिओवर त्याच्याशी बोलत होती. "आई, तू कधी येणार?" असं ते पोर विचारत असतानाच चित्र गोठलं आणि आवाज तुटला. पाठोपाठ मेसेज आला, पॅक संपला म्हणून.

"संपला? पंधरा दिवसांचा होता!" नवरा उसळला. "बघ आणखी रील्स!"

"मी एकही उघडलेलं नाही. शपथ."

"मग काय हवेत उडाला?"

तोंड खिडकीकडे वळवून तिने ओढणीने डोळे पुसले.

काकांनी हळूच स्वतःचा फोन पाहिला. वर ओळ झळकत होती: सर्व फोटो आणि व्हिडिओ जतन झाले. मुलीने मागे कधीतरी सोय करून दिली होती, वायफाय मिळालं की फोटो आपोआप वर चढतील. त्या खुळ्या फोनला हे हॉटेलचं वायफायच वाटलं असणार. बदकांचे ते लांबलचक व्हिडिओ, नातवंडांचे जुने वाढदिवस, सगळं त्या बाईच्या पॅकवरून गेलं होतं.

काकांची कानशिलं तापली. 'ताई, मी संपवलं' एवढंच म्हणायचं होतं. पण पुढचा माणूस तापला होता, बस माणसांनी भरलेली होती, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. काका खिडकीबाहेर बघू लागले. फार मन लावून बघू लागले. आपण असं का बघतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना धरणी दुभंगावी असं झालं.

संध्याकाळी हॉटेलात कळलं, मुलाचा ताप उतरला होता, पण तो आईच्या नावाने रडत रडत झोपला होता.

सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी काका दोघांसमोर उभे राहिले. बसायचं धैर्य झालं नाही. "तुमचं नेट मी संपवलं. फोटो चढत होते, मला कळलं नाही. पण काल बसमध्ये कळलं होतं, आणि मी गप्प बसलो."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग जरा जास्तच मोठ्याने हसला. "अहो काका, चालायचंच! एवढं काय मनाला लावून घेता?" काकांनी नवा पॅक भरून देतो म्हटलं, तर दोघांनीही हात जोडले.

मास्तरीण मात्र हसली नाही. "ज्येष्ठ आहात, काय बोलणार," एवढंच म्हणाली आणि चहा ढवळत राहिली.

त्या दिवशी काका बसमध्ये अगदी शेवटी बसले. बाजारात बस थांबताच त्यांनी एका टपरीवजा दुकानातून सिम घेतलं. दुकानदारीण हातवारे करून समजावत होती आणि काका कळल्यासारखी मान हलवत होते. विमानतळापेक्षा ते किती स्वस्त निघालं हे पाहून त्यांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोचा फोन लागला. "आज काय दाखवताय?" तिने उत्साहाने विचारलं.

"आज काही नाही. तूच बोल."

"बरं नाहीये का?"

"बरं आहे." मग मात्र त्यांनी सगळं सांगून टाकलं, बसमधल्या गप्प बसण्यासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "त्या पोराला आता कसं आहे, विचारलंत का?"

काकांनी विचारलं नव्हतं. माफी मागण्याच्या गडबडीत पोर राहूनच गेलं होतं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मास्तरीण टोप्या बघत उभी होती. काकांनी फोन खिशात घातला आणि कसंबसं तिच्याकडे चालू लागले.